विंडोज १०चा सपोर्ट संपला, म्हणून घरचा जुना कॉम्प्युटर भंगारात काढायचा का?

नांदेडला आमच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आहे. २०१३ साली, भावाची दहावी झाल्यावर घेतलेला. थर्ड जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. तेव्हा गल्लीतली पोरं तो बघायला यायची. आता त्याच्यावर फक्त बाबा बसतात.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेत. नोकरीत असताना त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून लिहून घेतल्या आणि रोज थोड्या थोड्या करत श्रीलिपीत टाइप केल्या. त्यातल्या बऱ्याच बायका आज हयात नाहीत. वह्या एका पावसाळ्यात भिजल्या. राहिलं ते त्या हार्ड डिस्कमध्ये.

तर झालं असं, की १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट बंद केला. स्क्रीनवर मेसेज आला आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर चालू होताना तारीख २०१३ दाखवायला लागला. बँकेची साइट उघडली की 'सुरक्षित नाही' असा इशारा. बाबांना वाटलं, मायक्रोसॉफ्टनेच मशीन बंद पाडलं. दुकानात नेलं तर उत्तर तयार होतं, "सर, मदरबोर्ड गेलाय. चाळीस हजारात नवीन बसवून देतो, जुना हजारात घेतो."

मदरबोर्डला काही झालं नव्हतं. त्याच्यावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसतानाही कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच त्याचं मुख्य काम. तो संपला की तारीख मागे जाते. आणि वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला 'कधीपासून कधीपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरच्या मते २०१३ चालू असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटंच वाटणार. पन्नास रुपयांच्या आत सेल आला आणि बँक उघडली.

आता सपोर्ट बंद होणं म्हणजे काय, ते बघू. कॉम्प्युटर बंद पडत नाही. घराचं दार, कुलूप सगळं तसंच राहतं, फक्त कुलूप बिघडलं तर दुरुस्त करायला कुणी येणार नाही. नवीन त्रुटी सापडली तर तिच्यावर अपडेट मिळणार नाही, त्यामुळे नेट बँकिंग करणाऱ्याला धोका हळूहळू वाढत जातो. त्यावर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट देणारी वाढीव योजना काढली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो. तेवढ्यावर थोडा वेळ मिळाला, हे नक्की.

मग सरळ विंडोज ११ का टाकत नाहीत? कारण त्याच्या अटी कडक आहेत. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, म्हणजे २०१७नंतरचा. शिवाय टीपीएम २.० लागतं. पासवर्ड, किल्ल्या असल्या गोष्टी जपणारी ही कॉम्प्युटरमधली तिजोरी समजा. आमचा थर्ड जनरेशन पहिल्याच अटीला बाद.

पण लातूरच्या मामांची गोष्ट वेगळी निघाली. मामा ट्युशन एरियात नीटची तयारी करणाऱ्या पोरांना खोल्या भाड्याने देतात. त्यांचा कॉम्प्युटर २०१९चा, नवव्या जनरेशनचा. त्यालाही 'तुमचा पीसी पात्र नाही' असा मेसेज आला होता आणि मामा नवीन घ्यायला निघालेच होते. मी त्यांना विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून टीपीएम डॉट एमएससी असं इंग्रजीत टाइप करायला सांगितलं. उत्तर आलं, टीपीएम सापडत नाही. पण इतक्या अलीकडच्या मशीनमध्ये ते बहुतेक वेळा असतं, बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधायचं आणि चालू करायचं. व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा मामांचा चष्मा शोधण्यात गेली. विंडोज ११ फुकट आलं. मामी मागून म्हणाली, "बघा, पोरगं सांगालंय तर ऐका, कशाला पैसे घालवायलाव!"

आमच्या मशीनची दुसरी तक्रार होती, चालू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ. याचं कारण बहुतेक जुन्या मशीनमध्ये एकच असतं, हार्ड डिस्क. तिच्यात तबकड्या फिरतात आणि एक बारीक दांडा जागेवर जाऊन माहिती वाचतो. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती कितीतरी वेगवान. आमच्या जुन्या बोर्डावरच्या साटा केबललाच ती बसली. रॅम मात्र जपून घ्या. डीडीआर-थ्रीच्या जागी डीडीआर-फोर बसत नाही, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅम-एसएसडीचे भाव चढलेत, तेव्हा गेल्या वर्षीचा भाव सांगून दुकानदाराशी भांडू नका.

दुकानात ठेवायच्या आधी हे करा

एसएसडी बसवताना दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो." हे वाक्य ऐकलं की थांबायचं. २०१७ला आमच्या घरी याच वाक्यानंतर डी ड्राइव्ह साफ झाला आणि आजीच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो गेले. त्यामुळे या वेळी ओव्यांच्या फोल्डरची आधी पेन ड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर कॉपी केली. मग ती फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ.

इथे बहुतेक मराठी घरं फसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये खरं मराठी नसतंच. कॉम्प्युटर आतमध्ये इंग्रजी अक्षरांचे नंबर ठेवतो आणि फॉन्ट त्या नंबरांवर मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट गेला की आकार गेले. युनिकोडमध्ये तसं होत नाही, तिथे 'क'ला स्वतःचा नंबर आहे आणि तो फोनपासून लॅपटॉपपर्यंत सगळीकडे तोच. म्हणजे नुसती कॉपी घेऊन मी मशीन फॉरमॅट केलं असतं, तर ओव्या माझ्याकडे असूनही वाचता आल्या नसत्या.

मग उलट क्रमाने काम केलं. जुनी डिस्क चालू असतानाच एकेक फाइल उघडली आणि प्रिंटमध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडलं. हा पर्याय विंडोज १०मध्ये आधीपासूनच असतो. पीडीएफमध्ये आकार पक्के बसतात, मग फॉन्ट असो नसो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही उचलून ठेवले. सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे मागे खोचलेला तो छोटा तुकडा, पाकिटात घालून कपाटात ठेवला. नंतर कन्व्हर्टरने युनिकोड करून पाहिलं. बरंच जमतं, पण रफार भलत्या अक्षरावर जातो आणि जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे प्रत्येक ओळ वाचावीच लागते.

जुनी हार्ड डिस्क आम्ही दुकानदाराला दिली नाही. नवीन एसएसडीवर पुन्हा विंडोज १० आहे, वाढीव योजनेची नोंदणी केलेली. पुढच्या वेळी लिनक्स मिंट टाकून बघू म्हणतोय, बाबा अजून तयार नाहीत. सध्या ते रोज संध्याकाळी एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला युनिकोडची फाइल उघडून बसतात. काल म्हणाले, एका ओवीत गावाचं नाव तेव्हाच चुकीचं टाइप झालं होतं, ते आत्ता लक्षात आलं.