अभय एका कायद्याचे, भय दुसऱ्याचे

बिदर आणि कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांतील एखाद्या सतरा वर्षांच्या एचआयव्हीबाधित मुलीने आपला शरीरसंबंध समुपदेशकापुढे उघड करावा, म्हणजे जोडीदाराचीही वेळीच तपासणी होईल, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु तिने सांगावे ते कोणाच्या भरवशावर?

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे नववे कलम आमच्या मते सुज्ञ आहे. जोडीदारास खरोखर धोका असेल, समजावूनही बाधित व्यक्ती स्वतः सांगत नसेल, तर तिला पूर्वकल्पना देऊन मगच डॉक्टरने वा समुपदेशकाने सांगावे. मारहाणीचे वा टाकून दिले जाण्याचे भय असेल तेथे सांगूच नये. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील शरीरसंबंधाची खबर पोलिसांना देणे बंधनकारक, मग तो राजीखुशीचा का असेना! समुपदेशकाने गुप्ततेचे वचन द्यावे तरी कसे?

धाकाचा मार्ग गोमंतकाने पूर्वीच चोखाळून पाहिला आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांस केवळ बाधित म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले होते. आज नियमित औषधाने विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबला, तर तो शरीरसंबंधातून पसरत नाही.

सोळा ते अठरा वयातील परस्परसंमतीच्या संबंधांपुरती समुपदेशकास या सक्तीतून सूट मिळावी. आणि भालकी, औराद, बसवकल्याण येथे घरात मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी मराठी जाणणारा समुपदेशक असावा. असले बोलणे दुभाष्याकरवी होत नसते.