मुलाला येत नाही, की इंग्रजी येत नाही?

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात सोलेडाद नावाचं गाव आहे. चहूकडे लेट्यूस, ब्रोकोली आणि स्ट्रॉबेरीची शेतं, आणि त्यांत राबणारी बहुतेक माणसं मेक्सिकोहून आलेली. साठच्या दशकात इथल्या शेतमजुरांच्या काही मुलांची बुद्ध्यांक चाचणी झाली आणि त्यांना ‘मतिमंद’ ठरवून वेगळ्या वर्गात बसवलं गेलं. चाचणी इंग्रजीत होती आणि मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जात होती. 1970 साली नऊ मुलांच्या वतीनं राज्याच्या शिक्षण मंडळाविरुद्ध खटला दाखल झाला. कोर्टाच्या कागदांवर पहिलं नाव डायाना या मुलीचं, म्हणून तो तिच्याच नावानं ओळखला जातो. दोन्ही भाषा येणाऱ्या मानसशास्त्रज्ञानं या मुलांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यांचे सरासरी 15 गुण वाढले. मुलं तीच होती, फक्त प्रश्न त्यांना कळणाऱ्या भाषेत विचारले गेले. पुढे तडजोड झाली. मुलाची चाचणी त्याच्या मातृभाषेतही घेऊ आणि आधीच वेगळ्या वर्गांत टाकलेल्या अशा मुलांना पुन्हा तपासू, हे राज्यानं मान्य केलं.

मी याच खोऱ्यात विशेष शिक्षिका आहे. मूळची अमरावतीची. शिक्षिका व्हायचं ठरवून इथल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा समावेशक शिक्षण आणि स्पॅनिश हे दोन्ही विषय एकाच सत्रात वाट्याला आले. कॉलेजच्या पुस्तिकेत एक शिक्षणशास्त्राच्या पानावर, दुसरा परभाषांच्या. माझ्या मते ही फारकत चुकीची आहे. या राज्यात इंग्रजी शिकत असलेल्या दर पाच मुलांपैकी साधारण चौघांच्या घरी स्पॅनिश आहे. अशा ठिकाणी एक विषय दुसऱ्याशिवाय अर्धाच राहतो.

समावेशक शिक्षणाच्या तासाला आम्ही 1975 चा केंद्रीय कायदा अभ्यासला. अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा करायचा, त्याला शक्य तितकं इतर मुलांसोबत शिकवायचं आणि तपासणी त्याला येणाऱ्या भाषेत करायची, असं तो सांगतो. आराखड्याच्या बैठकीत आईवडिलांना सगळं समजावं म्हणून लागेल तिथे दुभाषी देणं शाळेवर बंधनकारक आहे. निव्वळ इंग्रजी कमी येतं म्हणून कुठल्याही मुलाला अपंग ठरवता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण वर्गात समोर बसलेलं मूल वाचताना अडखळतं, तेव्हा ते कशामुळे अडखळतं हे कायदा सांगत नाही. ते शिक्षकानंच ओळखायचं असतं, आणि तिथे मला स्पॅनिशच्या वर्गानं हात दिला.

स्पॅनिशमध्ये ‘ब’ आणि ‘व्ह’ हे वेगळे ध्वनी नाहीत. म्हणून दुसरीतला मुलगा इंग्रजी ‘व्हेरी’ हा शब्द ‘बी’ अक्षरानं लिहितो, तेव्हा ती अक्षरं ओळखण्यातली अडचण असतेच असं नाही. त्याच्या कानाला जे ऐकू येतं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. ‘स्कूल’च्या आधी ‘ए’ लावणंही तसंच. आपल्याकडे ‘इष्टेशन’ म्हणणाऱ्या माणसाला वाचादोष आहे असं कुणी म्हणत नाही. उलट, एखादी पाच-सहा वर्षांची मुलगी घरी सतत स्पॅनिशच ऐकते आणि तरीही स्पॅनिशमध्येच ‘एल’ आणि ‘ला’ यांची गल्लत करत राहते, वाक्यातली छोटी सर्वनामं गाळते, तेव्हा मी कान टवकारते. भाषाविकार असलेली स्पॅनिशभाषक मुलं नेमकी इथे जास्त चुकतात. वाचनाचंही तसंच. स्पॅनिशमध्ये लिहिलं तसं वाचायचं असतं, म्हणून डिस्लेक्सिया असलेलं मूल त्या भाषेत बरंचसं अचूक वाचेल, पण फार सावकाश. चुका मोजणारी शिक्षिका त्याला पास करेल. वेळ मोजणारीला शंका येईल. खरा वाचनदोष दोन्ही भाषांत दिसतो, नव्या भाषेचं अडखळणं एकाच भाषेत. हे तपासायचं तर दोन्ही भाषा कानाला ओळखीच्या हव्यात.

जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं दाखवलेली एक गोष्टही इथे फार उपयोगी पडते. नव्या भाषेत मैदानावर गप्पा मारण्याइतकं बोलणं मूल एक-दोन वर्षांत शिकतं, पण पाठ्यपुस्तकाची भाषा पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात मूल फडाफडा बोलतं, पण धडा समजत नाही. शिक्षकांना वाटतं, इंग्रजी तर येतंय, म्हणजे दोष डोक्यात असणार.

डायानाच्या खटल्यानंतर उलटी भीतीही बसली. चुकीचा शिक्का नको म्हणून काही शाळा थांबून राहतात: आधी इंग्रजी येऊ दे, मग तपासू. यात खरोखर मदत हवी असलेल्या मुलांची कोवळी वर्षं जातात. पहिलीत मिळायला हवी ती मदत चौथीत मिळते. या वाट पाहण्याचा मला राग येतो. स्पॅनिश येणारी शिक्षिका असेल तर वाट पाहायची गरजच उरत नाही. आईला तिच्या भाषेत एक प्रश्न विचारता येतो: “याच्या वयाची असताना याची भावंडं कशी बोलायची?” या एका उत्तरातून पुष्कळ उलगडतं. हा प्रश्न दुभाष्यामार्फतही विचारता येतो, पण शाळेच्या फाटकाशी, घाईच्या दोन मिनिटांत दुभाषी नसतो. आणि मुलालाच दुभाषी करणं तर सर्वांत वाईट. स्वतःबद्दलची तक्रार त्यानं स्वतःच आईला समजावून सांगायची?

हा प्रश्न फक्त इंग्रजी-स्पॅनिशचा नाही. माझी आई महाराष्ट्रात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवायची. तिथल्या मुलांच्या घरी कोरकू. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी नात्याची नाही. पहिलीतलं कोरकू मूल गप्प बसलं, की ‘मठ्ठ’ म्हणणारे लोक होते. आईनं आधी कोरकूत मोजायला शिकून घेतलं, मग मुलांना मोजायला लावलं. आज महाराष्ट्रात बी.एड.ला समावेशक शाळेचा पेपर आहे. धारणीत, धडगावात, भामरागडमध्ये नेमणूक व्हायची असेल तर त्या पेपराला कोरकूचा, पावरीचा, माडियाचा किमान एका सत्राचा अभ्यास जोडावा, असं मला मनापासून वाटतं.

इथे सॅलिनास खोऱ्यातही नुसती स्पॅनिश पुरत नाही. या खोऱ्यात मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेली कितीतरी कुटुंबं घरी मिश्तेको किंवा त्रिकी बोलतात. स्पॅनिश ही त्यांचीही शाळेतली, बाजारातली भाषा. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा जो फॉर्म भरतात, त्यात हे पालक अनेकदा ‘स्पॅनिश’ लिहितात, कारण मेक्सिकोतही या भाषांवरून त्यांना हिणवलं गेलेलं असतं. मग मुलाची चाचणी स्पॅनिशमध्ये होते आणि डायानाच्या बाबतीत घडलं तेच पुन्हा घडतं, फक्त चाचणीची भाषा बदललेली. म्हणून मी आता फॉर्मवर विसंबत नाही. आईला विचारते, “आजीशी हा कुठल्या भाषेत बोलतो?” उत्तर मिश्तेको आलं, तर चाचणीची तारीख ठरवण्याआधी त्या भाषेचा दुभाषी मागते. तो मिळायला वेळ लागतो, मग ओळखीतल्या एखाद्या मावशीला फोन करावा लागतो, आणि त्या संध्याकाळी शेतातलं काम आटोपून येतात.