लघुलहरी रेडिओसंचाची निवड : हौशी श्रवण-निरीक्षणासाठी काही निकष

बीजसंज्ञा : लघुलहरी, आयनांबर, निवडक्षमता, एकपार्श्वपट्ट प्रेषण, विद्युतगोंगाट

प्रस्तावना :
३ ते ३० मेगाहर्ट्झ या वारंवारतांच्या रेडिओलहरींना लघुलहरी असे संबोधले जाते. भूपृष्ठापासून सुमारे २०० ते ४०० कि.मी. उंचीवरील आयनांबराच्या ‘एफ’ स्तरातून त्या माघारी वळतात व हजारो किलोमीटर अंतरावर पोहोचतात. गेल्या काही वर्षांत अनेक केंद्रांनी ही प्रसारणे थांबविली. रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ रोजी, तर बीबीसीच्या हिंदी सेवेने ३१ जानेवारी २०२० रोजी लघुलहरींचा निरोप घेतला. परिणामी ‘लघुलहरींवर आता काहीच उरले नाही’ असा समज रूढ झाला आहे. तो काही अंशी खरा असला, तरी पुष्कळदा अयोग्य संच, अयोग्य जागा व अयोग्य वेळ यांतून तो दृढ होतो. रेडिओसंच हे निरीक्षणाचे उपकरण आहे. उपकरणाच्या मर्यादा ध्यानात न घेतल्यास ‘ऐकू येत नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वात नाही’ असा लावला जातो. हा दोष टाळण्याच्या दृष्टीने संचनिवडीचे निकष विशद करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. श्रवणाचे प्रयोजन :
संच खरेदी करण्यापूर्वी आपणांस काय ऐकावयाचे आहे, हे निश्चित करावे. परदेशी केंद्रांचे कार्यक्रम आयाममापित प्रेषणाने, म्हणजे ए.एम. पद्धतीने येतात व ते साध्या संचावरही ऐकता येतात. याउलट, ७००० ते ७२०० व १४००० ते १४३५० किलोहर्ट्झ या पट्ट्यांतील हौशी रेडिओचालकांचे संभाषण बहुधा एकपार्श्वपट्ट पद्धतीने, म्हणजे एस.एस.बी.ने चालते. तीत वाहक लहर व एक पार्श्वपट्ट गाळलेला असतो. साध्या संचावर असे संभाषण केवळ अस्पष्ट घोगऱ्या आवाजासारखे भासते. ते ऐकावयाचे असल्यास एस.एस.बी.ची सोय अनिवार्य ठरते. हौशी प्रेषण करण्यासाठी मात्र शासकीय परवाना लागतो, हे विसरू नये.

२. आभासी केंद्रांचा प्रश्न :
अनेक स्वस्त संचांत वारंवारतेचे रूपांतर एकदाच, ४५५ किलोहर्ट्झ या मध्यस्थ वारंवारतेत केले जाते. अशा संचात प्रबळ केंद्र आपल्या खऱ्या जागेखेरीज ९१० किलोहर्ट्झ खालीही प्रकटते. उदाहरणार्थ, १५४०० किलोहर्ट्झवरील केंद्र १४४९० वरही ऐकू येते. नवख्या श्रोत्याच्या नोंदवहीत अशा आभासी केंद्रांची भर पडते. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर किंवा टेकसनचा पीएल-६६० यांसारख्या दुहेरी रूपांतरणाच्या संचांत पहिली मध्यस्थ वारंवारता ५५ मेगाहर्ट्झच्या वर असल्याने हा दोष बव्हंशी टळतो. यांपैकी सोनीच्या संचाचे उत्पादन थांबलेले आहे. तो वापरलेला घेताना सुट्या भागांच्या उपलब्धतेचा विचार करावा.

३. संवेदनक्षमता व निवडक्षमता :
विक्रेते क्षीण संदेश पकडण्याच्या क्षमतेवर, म्हणजे संवेदनक्षमतेवर, भर देतात. प्रत्यक्षात शेजारचे केंद्र वगळण्याची निवडक्षमता अधिक मोलाची असते. लघुलहरी प्रसारणात केंद्रे साधारणतः ५ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, तर ए.एम. संदेश सुमारे ९ ते १० किलोहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणून रुंद व अरुंद असे किमान दोन गाळणीपट्ट संचात असावेत. सुमारे ६ किलोहर्ट्झचा पट्ट स्पष्ट ध्वनीसाठी, तर ३ ते ४ किलोहर्ट्झचा पट्ट गर्दीच्या वेळी उपयुक्त ठरतो.

४. जागा, आकाशक व वेळ :
मोबाईलचे चार्जर, एल.ई.डी. दिवे व सौर इन्व्हर्टर यांचा विद्युतगोंगाट हा शहरी श्रोत्याचा मुख्य अडथळा होय. महागडा संचही या गोंगाटाखालील संदेश वर काढू शकत नाही. याची परीक्षा सोपी आहे : संच बॅटरीवर चालवून घराचा मुख्य वीजपुरवठा काही क्षण बंद करावा, त्यानंतर संच मोकळ्या जागेत नेऊन फरक पाहावा. हातसंचास ५ ते १० मीटरची तार बहुधा पुरेशी होते. फार लांब तारेमुळे तो अतिभारित होऊन आभासी संदेश निर्माण करतो. विजांच्या काळात बाहेरची तार संचापासून अलग करावी.

वेळेचेही महत्त्व आहे. दिवसा आयनांबराचा ‘डी’ स्तर कमी वारंवारता शोषून घेतो. म्हणून ४९ व ४१ मीटरचे पट्टे रात्री, तर १९ व १६ मीटरचे दिवसा ऐकावेत. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असून विद्यमान चक्राचा उच्चांक २०२४ च्या सुमारास होऊन गेला. यापुढे काही वर्षे उच्च वारंवारता क्रमशः क्षीण होतील व श्रोत्यास खालच्या, अधिक गोंगाटाच्या पट्ट्यांवर विसंबावे लागेल.

५. खरेदीपूर्व पडताळणी :
नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा संच आंतरजालावरून कोणासही वापरता येतो. त्याद्वारे ए.एम. व एस.एस.बी. यांतील आणि रुंद व अरुंद पट्टांतील फरक विनामूल्य अनुभवता येतो. प्रत्यक्ष संच तपासताना चीनचे बीपीएम हे कालसंकेत केंद्र ५ व १० मेगाहर्ट्झवर शोधावे. ठरावीक वारंवारतेमुळे संचाची अचूकता व जागेची अनुकूलता एकाच वेळी कळते. ज्यांना नोंदी व ध्वनिमुद्रण करावयाचे आहे त्यांनी संगणकास जोडावयाच्या सॉफ्टवेअर-आधारित संचाचाही विचार करावा. मात्र संगणक स्वतःच गोंगाटाचा स्रोत असतो.

निष्कर्ष :
प्रथम प्रयोजन, मग जागा, त्यानंतर आकाशक आणि शेवटी संच, असा निवडीचा क्रम असावा. महाविद्यालयीन विभागांनी मर्यादित निधीतून खरेदी करताना हा क्रम पाळल्यास मध्यम किमतीचा संचही दीर्घकाळ उपयोगी पडेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शांत पट्टा ऐकताना ती शांतता आकाशातील आहे की आपल्या संचातील, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लागेल. हौशी श्रवणातून लाभणारे हे खरे शास्त्रीय शिक्षण होय.