टोपी हलवा, सर्व्हर उठवा

बायोसच्या सेटअपमध्ये कुणीतरी मेमरीचं काहीतरी बदलतं, सर्व्हर आचके देतो आणि मला बोलावणं येतं. मी आधी मागच्या सगळ्या पॉवर केबल काढायला लावतो. नुसतं बटण दाबून बंद केलेल्या सर्व्हरच्या मदरबोर्डावर स्टँडबाय वीज खेळतच असते.

मग झाकणाच्या आत चिकटवलेला नकाशा बघायचा. डेलच्या पॉवरएजवर ‘एनव्हीरॅम क्लिअर’च्या पिना सापडतात. त्यांवरची नखाहून लहान प्लास्टिकची टोपी चिमट्यानं उचलायची आणि शेजारच्या जोडीवर बसवायची. टोपीच्या पोटात पत्रा असतो, तो दोन पिना जोडतो. जादू काही नाही. सर्व्हर चालू केला की सेटिंग पुसली जातात. मग पुन्हा वीज काढून टोपी मूळ जागी. सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर टोपीच नसते, दोन उघडे ठिपके स्क्रूड्रायव्हरनं जोडायचे. हा प्रकार मला अजूनही रानटी वाटतो.

“मदरबोर्डावरचा बटणसेल काढला की झालं ना?” हा ठरलेला प्रश्न. १९८४च्या आयबीएम एटी संगणकात सेटिंग सेलवर जगणाऱ्या ६४ बाइटांत मावायची. आता बरीचशी फ्लॅशमध्ये असतात, सेल काढून ती हलत नाहीत.

रीसेटनंतर बूटचा क्रम, डिस्कचा रेड मोड सगळं कारखान्यातल्यासारखं होतं. म्हणून सर्व्हर धड असतानाच सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.