पीकपाहणी खातेदाराच्या हाती

पारावर बसून लिहिलेली पीकपाहणी आम्ही नोकरीत पाहिली आहे. शेतात पऱ्हाटी उभी, कागदावर मात्र सोयाबीन! १५ ऑगस्ट २०२१ पासून महसूल खात्याने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार करविलेले ‘ई-पीक पाहणी’ हे मोबाईल ॲप राज्यभर सुरू झाले. खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे. अक्षांश-रेखांशासह ती नोंद सातबाऱ्यासाठी जाते. सोय उत्तम खरी, परंतु पटवाऱ्याची जबाबदारी आता आपल्या शिरी आली. आपल्या वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीत तुरीचे तास घालण्याची वहिवाट जुनी. घाईने एकट्या कापसाची नोंद केल्यास, हमीभावाने तूर विकावयास गेल्यावर सातबाऱ्यावर तूरच नाही असे व्हावयाचे. तेव्हा मिश्र पिकाचाच पर्याय निवडावा, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडावा.