चेंडूला मारू नका, साहेब!

क्रिकेट खेळत मोठा झालेला मराठी माणूस पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदा गोल्फच्या मैदानावर जातो, तेव्हा त्याच्या मनात एकच विचार असतो : यात काय एवढं? चेंडू तर हलतसुद्धा नाही. कुणी धावत येऊन तो टाकत नाही, तो उसळत नाही, वळत नाही. बोटभर लाकडी खुंटीवर लहानशा लिंबाएवढा पांढरा चेंडू गुमान बसलेला असतो. आपण नुसती काठी फिरवायची. माणूस ऐटीत उभा राहतो, कॉलेजात असताना मारलेले षटकार आठवतो, जीव खाऊन काठी फिरवतो आणि लांबवर नजर लावतो. चेंडू कुठे दिसत नाही. मग खाली बघतो. चेंडू जिथल्या तिथे, आणि मातीचं एक ढेकूळ मात्र चार हात पुढे जाऊन पडलेलं.

हे मी ऐकीव सांगत नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि लष्करातून निवृत्त झालेल्या एका मित्राने, नुसतं रस्त्याने काय चालतोस, म्हणून मला मैदानावर नेलं. त्याच्या जुन्या काठ्याही दिल्या. पहिले दोन महिने मजेत गेले, कारण काहीच येत नव्हतं आणि काही येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण एका सकाळी सात नंबरच्या आयर्नने एक फटका असा बसला, की हाताला काही जाणवलंच नाही. चेंडू आभाळात चढला, क्षणभर तिथे थांबल्यासारखा वाटला आणि थेट ग्रीनवर उतरला. तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. तो फटका मला पुन्हा हवा होता.

त्यासाठी मी काय केलं नाही! पुस्तकं आणली, पुढे मोबाईलवरच्या फिती पाहिल्या, तासाचे पैसे देऊन एका प्रशिक्षकाकडे गेलो. प्रत्येकाचं सांगणं वेगळं. डोकं हलवू नका. डावा हात ताठ. उजवं कोपर अंगाला चिकटवा. कंबर आधी, खांदे नंतर. एकेक सूचना सुटी घेतली तर बरोबर असेलही, पण अख्खा स्विंग दीड सेकंदाच्या आत संपतो. काठी आणि चेंडू यांची गाठ तर सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरतीच पडते. तेवढ्यात माणूस काय काय आठवणार? दोन वर्षांत माझी अवस्था अशी झाली, की चेंडूसमोर उभा राहिलो की पाठ न झालेलं स्तोत्र म्हणायला उभं केलेल्या मुलासारखा मी घामाघूम व्हायचो. रविवारी दुपारी घरी आलो, की मुलगी आधी दारातल्या बुटांचा आवाज ऐकायची आणि त्यावरून ठरवायची, आज बाबांशी बोलायचं की नाही. हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. ऐकून बरं वाटलं नाही.

माझं दुखणं जगभरच्या हौशी गोल्फवाल्यांचं असतं तेच होतं. त्याला स्लाईस म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सरळ निघतो आणि मध्यातून लोण्यातून सुरी फिरावी तसा उजवीकडे वळत झाडीत जातो. मग माणूस काय करतो? पुढच्या वेळी आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि काठीही डावीकडे ओढतो. चेंडू आणखीच उजवीकडे वळतो. रोग वाढवणारं औषध म्हणतात ते हेच.

असं का होतं, याचं कारण पूर्वीच्या पुष्कळ पुस्तकांतही उलटं दिलेलं असे. काठी ज्या मार्गाने येते त्या दिशेने चेंडू निघतो, असं ती सांगत. या शतकाच्या सुरुवातीला चेंडूचा माग काढणारी रडारची यंत्रं गोल्फमध्ये आली आणि नेमका प्रकार कळला. चेंडू निघतो तो मुख्यतः काठीचं तोंड टोल्याच्या क्षणी जिकडे असेल तिकडे. हवेत तो वळतो ते तोंडाची दिशा आणि काठीचा मार्ग यांत फरक पडला म्हणून. तोंड मार्गापेक्षा उजवीकडे उघडं राहिलं, की चेंडू उजवीकडे वळणारच. म्हणजे आपण जितकी काठी डावीकडे ओढू, तितका हा फरक वाढणार.

आणि आपण ती डावीकडे का ओढतो? कारण आपल्याला चेंडूला मारायचं असतं. काठी वर गेली, की उजवा खांदा आणि उजवा हात अधीर होतात. लाकूड फोडायला कुऱ्हाड घालावी तसे ते वरूनच पुढे झेपावतात. काठी बाहेरून आत, चेंडूला कापत येते. विटी-दांडू आणि बॅट यांच्यावर वाढलेल्या आपल्या हातांना ही सवय जरा जास्तच असते, असं मला वाटतं. उडालेली विटी टोलवायला झटकाच लागतो.

मला हे रडारने शिकवलं नाही. आमच्या मैदानावर एक वयस्क कॅडी होते. त्यांना सगळे मामा म्हणत. कॅडी म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा, एवढाच अर्थ नवख्याला ठाऊक असतो. पण मैदानाचा उतार, वारा आणि खेळणाऱ्याचा स्वभाव या तिन्हींचा अंदाज त्याच्याइतका कुणाला नसतो. एका रविवारी लागोपाठ तिसरा चेंडू झाडीत गेला आणि तो शोधायला उशीर झाला म्हणून मी मामांवर खेकसलो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. त्यांनी चेंडू आणून हातात दिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. दोन भोकं पुढे गेल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "साहेब, गावाकडं कधी गोफण फिरवली का?"

लहानपणी आजोळी जोंधळ्याच्या मळ्यात पाखरं राखायला फिरवली होती.

"मग गोफणीत धोंडा घालून त्या धोंड्याला हातानं ढकलता का?"

"नाही."

"दोरी फिरवता. धोंडा आपसूक जातो. इथंबी तेच हाय. चेंडूला मारू नका, साहेब. काठी फिरवा, चेंडू वाटेत येतोय."

पुढे वाचनात आलं, की साधारण हाच धडा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अर्नेस्ट जोन्स नावाचा इंग्रज शिक्षक देत असे. हा पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढला. १९१६ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. इस्पितळातून सुटल्यावर काही महिन्यांतच एका पायावर तोल सांभाळत त्याने अठरा भोकांचा डाव ८३ फटक्यांत पुरा केला. धडधाकट हौशी माणसाला आयुष्यभर शंभराच्या आत येणं जमत नाही, तिथे हे! पाय गेला तरी स्विंग राहिला, म्हणजे स्विंगचं मर्म पायांत, कमरेत, कोपरात शोधण्यात अर्थ नाही, असं त्याने ताडलं. पुढे तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कला शिकवू लागला. शिकवताना तो रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून झुलवून दाखवत असे. रुमाल घाईने ओढलात तर तो सैल पडतो आणि चाकू भरकटतो. लयीत झुलवलात तर दोरी ताणलेली राहते आणि चाकू आपला मार्ग सोडत नाही. चाकूच्या जागी धोंडा घाला, झाली आपली गोफण.

विज्ञानही याच्या बाजूचं आहे. कॉक्रन आणि स्टॉब्ज या दोघांनी ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासावर १९६८ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी स्विंगची तुलना दोन दांड्यांच्या लंबकाशी केली आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत एक दांडा, मनगटापासून काठीच्या टोकापर्यंत दुसरा, मध्ये मनगटाची बिजागरी. वरचा दांडा आधी फिरतो. खालचा मागे रेंगाळतो आणि शेवटी सपकन उलगडतो. मनगटं अधीर होऊन वरूनच उलगडली, तर सगळा वेग हवेत खर्च होतो आणि चेंडूपाशी शिल्लक काही राहत नाही. जोर लावला की चेंडू जवळ पडतो, या चमत्काराचं उत्तर हेच.

मामांचं बोलणं ऐकून मी लगेच सुधारलो, असं कुणी समजू नये. पाच-सहा महिने गेले. पहिला महिना चेंडूच नव्हता. पाय जुळवून उभं राहायचं आणि नुसतं गवत झाडायचं. पाय जुळलेले असताना जोर लावायला गेलं तर तोल जातो, त्यामुळे हात आपोआप शहाणे होतात. काठीची मूठ इतकी सैल धरायची, की मनगट हलतं राहील. घट्ट आवळली की बिजागरी गंजली म्हणून समजा. मूठ धरल्यावर मान खाली घालून डाव्या हाताकडे बघावं. दोन-तीन पेरांची टोकं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल, तर काठीचं तोंड उघडं राहण्याची तयारी आपण आधीच करून ठेवली आहे. मागे जाताना घाई करायची नाही. मोठ्या खेळाडूंच्या स्विंगची मोजदाद करणाऱ्यांना असं दिसलं आहे, की काठी मागे न्यायला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात ती खाली चेंडूवर येते. आपलं बहुधा उलटं असतं, मागे भर्रकन आणि खाली धडपडत.

आणखी एक खोड फार चिवट. चेंडू वर जावा म्हणून आपण तो पळीने वरण काढावं तसा उचलायला जातो. चेंडू वर नेण्याचं काम काठीच्या तिरक्या तोंडाचं आहे, ते त्यालाच करू द्यावं. गवतावरच्या चेंडूला आयर्नने खेळताना काठी उतरती येऊन आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागली पाहिजे. गवताचा कपचा चेंडूच्या पुढे उडावा, मागे नाही. खुंटीवरच्या चेंडूला ड्रायव्हरने मारताना मात्र काठी किंचित चढती असलेली बरी. मला हे पटायला वर्ष लागलं, आणि अजूनही पाण्याचं तळं समोर आलं की हात उचलायला धावतातच.

पन्नाशीच्या शरीराचीही थोडी दया करावी. दूरदर्शनवर पंचविशीच्या पोराची कंबर कशी वळते ते पाहून तशी वळवायला गेलं, की सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. हौशी गोल्फवाल्यांचं सर्वांत जास्त दुखतं ते कमरेतच. खांदे वळत नसतील तर मागे जाताना डावी टाच उचलू द्यावी. बॉबी जोन्स उचलायचा, जॅक निक्लॉस उचलायचा. त्यांना चाललं, आपल्यालाही चालेल.

आणि लांब पल्ल्याचं फार मनावर घेऊ नये. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांचा हिशेब करून २०१४ च्या पुस्तकात दाखवून दिलं, की चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्यातला बराचसा फरक लांबच्या फटक्यांत असतो. ते खरंच असणार. पण ऑगस्ट २०२१ ची ती शनिवारची पहाट आठवा. एरवी गोल्फचं नावही न काढणाऱ्या घरांत लोक चहाचे कप घेऊन टोकियो ऑलिंपिक बघत बसले होते. बंगळूरची अदिती अशोक. तिचा पहिला फटका जवळ पडायचा, तिच्याबरोबरच्या मुली कितीतरी पुढे असायच्या, आणि ग्रीनवर पोहोचल्यावर ही शांतपणे चेंडू भोकात घालवायची. पिशवी तिच्या आईच्या खांद्यावर. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. त्या दिवशी आमच्या सोसायटीत बर्डी म्हणजे काय, हे मी किमान सात जणांना समजावून सांगितलं.

भोक असतं १०८ मिलिमीटर रुंदीचं. घरात सतरंजी अंथरून स्टीलचा पेला आडवा ठेवला, तर त्याचं तोंड त्याहून अरुंदच असतं, म्हणजे सराव कडकच होतो. पावसाळ्यात आमच्याकडे रात्री जेवणानंतर हा खेळ चालतो. बायकोचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे तेव्हा कळलं.

हा श्रीमंतांचा खेळ, असं कुणी म्हणेल. म्हणावं. चेंबूर असो की येरवडा, मैदानाच्या कुंपणाबाहेरून बघणारेच जास्त, आणि उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न निघाला की आम्हा खेळणाऱ्यांना मान खाली घालावी लागते. पण १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढला होता, हेही लक्षात असू द्यावं. आणि या खेळातली हँडिकॅपची पद्धत मला फार माणुसकीची वाटते. २०२० पासून जगभर एकच हिशेब आहे : शेवटच्या वीस डावांतले उत्तम आठ धरायचे आणि त्यावरून तुमची सूट ठरवायची. नवशिका आणि पट्टीचा खेळाडू बरोबरीने खेळू शकतात. बाप-लेकही.

गेल्या महिन्यात मुलगी पहिल्यांदा माझ्याबरोबर आली. पहाटेचं दव होतं, टिटव्या आमच्यावर ओरडत होत्या. तिने काठी धरली, जीव खाऊन फिरवली. ढेकूळ पुढे, चेंडू जागेवर. माझ्या ओठांवर पाच सूचना एकदम आल्या. डोकं, कोपर, कंबर, सगळं. बाजूला मामा उभे होते, त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गप्प बसलो. तिने दुसऱ्यांदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. चौथा चेंडू साठेक पावलं गेला, तोही उजवीकडे वळत. ती खूश होऊन पळतच निघाली, तेव्हा मामांनी तिला परत बोलावलं आणि उडालेला गवताचा कपचा पुन्हा जागेवर बसवून पायाने कसा दाबायचा, ते दाखवलं.