भूमिगत धातुवस्तु काढण्याचीं हत्यारें व रीति

जन्मतः पाय पुढें करून आलेल्या, म्हणजे पायाळू, माणसास जमिनींतील धन दिसतें, अशी समजूत आमच्या उमरेड भागांत अजून ऐकूं येते. अलीकडे पायाळू माणसाचें काम धातुशोधक यंत्र करूं लागलें आहे. यंत्र धातूवर आलें कीं तें आवाज करतें आणि तेथें त्याचें काम संपतें. ती वस्तु मातींतून बाहेर कशी काढावी, हें तें सांगत नाहीं. आणि नाणीं व ताम्रपट जमविणारे आपण लोकहि तिकडे फारसें लक्ष देत नाहीं. पोथी हातीं आली म्हणजे आपण प्रथम तिची पुष्पिका पाहतों. भूमिगत वस्तूची पुष्पिका म्हणजे तिचें मातींतील स्थान, आणि ती बहुधा कुदळीच्या पहिल्या चार घावांतच फाटलेली असते.

हें मी स्वतःच्या चुकीवरून शिकलों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, मी शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, एका विद्यार्थ्याच्या वडिलांना बांध दुरुस्त करतांना लहानशा मडक्यांत तांब्याचीं नाणीं सांपडलीं. मडकें कुदळीनें फुटलें होतें. नाणीं तेवढीं फडक्यांत बांधून त्यांनीं माझ्याकडे आणलीं. मीं मोठ्या उत्साहानें तीं चिंच व राख लावून मुलांकडून घासून घेतलीं. नाणीं लखलखीत झालीं आणि अक्षरें गेलीं. दुसऱ्या दिवशीं खापरें पाहावयास गेलों, तों बांध पुरा झाला होता. तीं नाणीं कोणत्या राजवटीचीं, हें मला आजहि सांगतां येत नाहीं.

आतां हत्यारांकडे वळूं. कुदळ, टिकाव व पहार (आमच्याकडे सब्बल) हीं जमीन फोडण्याचीं हत्यारें होत, वस्तु काढण्याचीं नव्हत. धातूचा अंदाज लागतांच हीं तिन्ही हातभर दूर ठेवावीं. वरून सरळ खालीं न खणतां बाजूनें चर घ्यावा व वस्तूकडे आडवें सरकावें, म्हणजे ती आपल्या मातीच्या ओट्यावर उभी राहते. या टप्प्यास गवंड्याची थापी व खुरपें पुरेसें आहे. शेवटचें वीतभर अंतर बांबूच्या कामटीनें व मऊ कुंच्यानेंच तोडावें. बांबू तांब्याहून मऊ असल्यामुळें वस्तूवर ओरखडा उठत नाहीं. लोखंडी टोंकानें उठलेला ओरखडा मात्र पुढें अक्षराची रेघ म्हणून वाचला जाण्याची भीति असते. काढलेली माती फेकूं नये, चाळणींतून घालावी.

विलायतेंतील पुस्तकांत हरळीची चकती कापून उलटी करावी व काम होतांच परत बसवावी, अशी रीत दिलेली असते. आमच्या उघड्या शेतांत ती चालत नाहीं. येथील काळी कन्हार पावसाळ्यांत फुगून थापीस चिकटते व उन्हाळ्यांत दगडासारखी होते. तेव्हां पेरणीसाठीं जसा वाफसा पाहावा, तसाच खणण्यासाठींहि पाहावा. दिवाळीनंतरचे दिवस त्यांतल्या त्यांत बरे. याच मातीचा आणखी एक कपट आहे. उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात, आणि वरचें नाणें भेगेंतून खालीं जाऊन पुढच्या पावसांत बुजून जातें. म्हणून नाणें दोन फूट खोल निघालें एवढ्यावरून तें त्या थराचें मानूं नये. भोंवतालची माती कापतांना उभा, निराळ्या पोताचा पट्टा दिसतो कीं काय, तें आधीं पाहावें.

सावकाश काढण्याचा लाभ काय, याचें उदाहरण नागपुराजवळच आहे. माहूरझरी येथील शिलावर्तुळांचें उत्खनन नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शां. भा. देव यांनीं १९७० नंतर केलें. तेथें घोड्याच्या अवशेषांबरोबर तांब्याच्या पत्र्याचा मुखालंकार मिळाला. पहारीनें तोच उपटला असता, तर आज संग्रहालयांत ‘तांब्याचा पत्रा, उपयोग अज्ञात’ अशी चिठ्ठी लागली असती.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील हॉक्सनचें. १९९२ सालीं शेतांत हरवलेला हातोडा शोधण्यासाठीं एकानें धातुशोधक यंत्र फिरविलें आणि त्यास रोमन नाण्यांचा प्रचंड निधि लागला. त्यानें थोडेंसें खणून हात आवरला व खबर दिली. उरलेलें काम जाणत्यांनीं केलें. म्हणून लांकडी पेटी कुजून गेली असतांहि तिचा आकार, आंतील लहान कप्पे व कोणती वस्तु कोठें ठेवली होती, हें कळलें. नाणीं सुमारें पंधरा हजार होतीं. पण माझ्या मतें खरी मिळकत त्या कुजलेल्या पेटीची. तो हातोडाहि ब्रिटिश म्युझियममध्यें गेला आहे!

मडकें लागल्यास तें रिकामें करूं नये. आंतील मातीसकट कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून, खालून पत्रा सरकवून, सबंध उचलावें. ताम्रपटाविषयीं तर अधिकच जपावें. पत्रे गंजानें चिकटले असतील तर चाकूनें उकलूं नयेत. कडी व मुद्रा कापूं नये, आणि कडी आधींच कापलेली असल्यास तसें टिपून ठेवावें. वाकाटकांच्या पेटिकाशीर्षक लिपींतील अक्षरांच्या माथ्यावरील चौकटी नाजूक असतात. चिंच, लिंबू किंवा तेजाब यांनीं प्रथम त्या व नंतर मात्रा जातात. धुणें व घासणें रसायनशाळेवर सोंपवावें.

उचलण्यापूर्वीं मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें. विहिरीचा कठडा व बांधाचा दगड अशा दोन स्थिर खुणांपासून अंतर मोजावें, खोली मोजावी, आणि तें सर्व शिसपेनीनें लिहून चिठ्ठी वस्तूबरोबर ठेवावी. शाई ओलीनें पसरते.

कायद्याची गोष्ट पूर्वीं मलाहि ठाऊक नव्हती. १८७८ च्या निधि-कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावें लागतें. त्यांत वस्तूंचें स्वरूप व अंदाजी किंमत, स्थळ आणि दिवस द्यावयाचा असतो. संरक्षित स्थळीं तर परवानगीवांचून खणणें १९५८ च्या कायद्यानें गुन्हा आहे. यांत परकें असें कांहीं नाहीं. निधि न कळवितां दडविणारा उघडकीस आल्यास दंडास पात्र, असें याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतहि आहे. निधि सरकारनें घेतल्यास धातूची किंमत व तिचा एकपंचमांश अधिक, अशी भरपाई १८७८ च्या कायद्यांत ठेविलेली आहे. शेतकऱ्यास ही गोष्ट आपण होऊन सांगावी, कारण ती ठाऊक नसल्यामुळेंच पुष्कळ माल रातोरात सोनाराच्या मुशींत जातो. कळविण्याच्या अर्जाची एक प्रत व चिठ्ठीची नक्कल आपल्याजवळ ठेवावी, आणि ठसे घेण्याची परवानगी त्याच अर्जांत मागावी.